नर्सबाईच्या रजिस्टरमध्ये ज्यांचं पान नव्हतं: कोल्हापुरातल्या घरोघरच्या आरोग्यसेवेची पार्श्वभूमी

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना आली की इशारा पातळी, ४३ फुटांना आली की धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातली कृष्णाकाठची गावं या आकड्यांवरच जनावरं कधी हलवायची आणि धान्य माळ्यावर कधी टाकायचं हे ठरवतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पूरपट्ट्यातल्या गावात गरोदर बायकांची यादी उपकेंद्रात तयारच असते, कारण ती वर्षभर ठेवावीच लागते. दिवस भरत आलेल्या बाईला पाणी चढायच्या आधी हलवता येतं. पण लकव्यानं अंथरुणाला खिळलेला माणूस कुठल्या गल्लीत आहे, इन्सुलिनवर कोण आहे, एकटी राहणारी म्हातारी कोणती, हे मात्र ज्याच्या त्याच्या ओळखीवर चालत आलं. आशाताईंना ते तोंडपाठ असतं, पण रजिस्टरमध्ये त्यासाठी पान नव्हतं. ते का नव्हतं, हे समजायला बरंच मागं जावं लागतं.

आज ज्याला सगळे सीपीआर म्हणतात, ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय संस्थानकाळात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. कोल्हापूर भागातलं मिशनचं वैद्यकीय काम मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांच्यामुळे नावारूपाला आलं. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं आणि तिथं नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. राजर्षी शाहूंनी डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना पाठबळ दिलं, त्या आल्बर्ट एडवर्डमध्ये स्त्रियांवर उपचार करू लागल्या. त्या काळात एका स्त्री डॉक्टरमुळे किती घरांचा दवाखान्याकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला असेल, याचं मोल आपण अजून नीट केलेलं नाही असं मला वाटतं. तरीही नर्स दवाखान्याच्या भिंतीच्या आतच होती. बाहेर, गावात, बाळंतपणाला सुईण होती आणि दुखण्याखुपण्याला घरच्या बायका.

याच सुमारास, १८९६ पासून, प्लेग मुंबईतून दख्खनभर पसरत गेला. दुष्काळही त्याच वेळी पडला. शाहू महाराजांच्या कारभारानं दुष्काळात निराधारांसाठी आश्रय उभे केले आणि कामावर जाणाऱ्या आयांच्या पोरांची सोय केली, हे आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगायलाच हवं. माझ्या दृष्टीनं त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की रोगापेक्षा रोग कोणाला आधी गाठतो, हा प्रश्न त्यात विचारलेला होता. म्हातारा, अपंग, विधवा, हातावर पोट असलेला माणूस, यांचा वेगळा विचार कारभाराच्या पातळीवर झाला. पण तो संकटापुरता झाला. संकट ओसरलं की सोयही आटोपली.

घरी जाणारी प्रशिक्षित नर्स ही कल्पना महाराष्ट्रात रुजायला विधवांचा हात लागला. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी उभ्या केलेल्या सेवासदनानं बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं, त्यांत तरुण विधवा बऱ्याच होत्या. घरात ज्यांना कोपरा दाखवला जायचा त्याच बायका दुसऱ्यांच्या दुखण्यात उभ्या राहिल्या. पुढं शंभरेक वर्षांनी आशा सेविकांच्या निवडीचे निकष ठरले तेव्हा त्यात गावातली विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री असंच आलं. असुरक्षित माणसाची काळजी घेण्याचं काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच असुरक्षित असलेल्या बाईच्या खांद्यावर पडत आलं आहे, आणि तिला त्याचा पुरता मोबदला देण्यात आपण नेहमी हात आखडता घेतला आहे.

भोर समिती आणि उपकेंद्र

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा देशात ४३ हजार लोकांमागे एक नर्स असं प्रमाण होतं. समितीनं ४० हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं आणि त्यात डॉक्टर दोनच ठेवून सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिका चार मागितल्या, शिवाय चार प्रसविका आणि चार प्रशिक्षित दाया. माणूस दवाखान्यात यायची वाट न बघता दवाखान्यानं त्याच्या दारात जायचं, हा विचार या हिशेबातच आहे. १९५२ मध्ये समुदाय विकास कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण आरोग्याचा गाडा त्यांच्याकडे गेला. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याच्या घाटमाथ्यापासून शिरोळच्या नदीकाठच्या मळीपर्यंत एकाच जिल्हा परिषदेनं ही सेवा पोचवायची होती. मोकळ्या भागात पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, डोंगरी भागात तीन हजारांना, असा पुढं नियम बसला. कागदावर तो न्याय्य आहे. पण शाहूवाडी किंवा चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर तीन हजार माणसं म्हणजे किती डोंगर चढायचे, हे तिथं पावसाळा काढलेली नर्सच सांगू शकते.

भोर समितीची परिचारिका अख्ख्या कुटुंबाची होती. प्रत्यक्षात उपकेंद्रात आली ती एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका), म्हणजे गावाच्या तोंडची नर्सबाई, आणि तिला सांगितलेलं काम बाळंतपण, लस आणि कुटुंबनियोजन. साठच्या दशकापासून कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं ठरायला लागली. वर्षाला इतक्या शस्त्रक्रिया झाल्याच पाहिजेत म्हटल्यावर नर्सबाईचा सगळा दिवस जोडप्यांच्या नोंदवहीभोवती फिरू लागला. आणीबाणीत, १९७६ च्या सुमाराला, तर आरोग्य खात्याचं माणूस वेशीत दिसलं की गडी मागच्या दारानं शेतात पसार व्हायचे, अशा आठवणी जुनी माणसं सांगतात. मधल्या काळात, १९७३ मध्ये, कर्तारसिंग समितीनं या कर्मचाऱ्यांना बहुउद्देशीय करा असं सांगितलं होतं. नाव बदललं, आरोग्य सेविका झालं. १९७७ मध्ये एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणला. उद्देश वाढले आणि शिक्षण आखडलं, हे गणित मला कधी पटलेलं नाही. उद्दिष्टांचं जोखड अधिकृतपणे उतरलं ते १९९६ मध्ये. तोवर तीन दशकं नर्सबाईनं घराच्या उंबऱ्यात एकच प्रश्न विचारला होता: सून कुठाय? ओसरीवर खोकत बसलेल्या सासऱ्याला विचारायचं काहीच नव्हतं, कारण त्याच्या खोकल्यासाठी वेगळं खातं होतं.

क्षय आणि कुष्ठ

या खात्यांची गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी आहे. क्षयरोग झाला की सॅनेटोरियम, असा काळ होता. आपल्या भागातून मिरजेजवळच्या वॉन्लेसवाडीला माणसं जायची. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. अर्धे रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि अर्ध्यांना घरीच औषध दिलं. घरं दाटीची, खाणं बेताचं. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले होते आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलेलं नव्हतं. औषध रोज पोटात जातंय की नाही हे बघायला कोणी घरी गेलं, तर गरिबाच्या घरातही मोठं दुखणं बरं होतं, हे भारतानं जगाला दाखवून दिलं.

कुष्ठरोगाचंही तसंच. कोल्हापुरात शेंडा पार्कचं कुष्ठधाम जुन्या माणसांना ठाऊक आहे. तिकडच्या वाटेनं जाणंही लोक टाळायचे. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि माणसं घरात राहून बरी व्हायला लागली. या कामातल्या कर्मचाऱ्यांना बधिर पायाची खडानखडा माहिती होती. पाय रोज पाण्यात भिजवा, भेगा घासा, तेल लावा, दिव्याच्या उजेडात तळवा बघा, मऊ रबराच्या एमसीआर चपला घाला. डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोगाचं प्रमाण देशपातळीवर दहा हजारांत एकाच्या खाली आलं. तोपर्यंत घरोघर मधुमेह पोचला होता, आणि मधुमेहाचा बधिर पाय अगदी हीच निगा मागतो. पण ते ज्ञान कुष्ठरोगाच्या खात्यातच राहिलं. जखम कळेपर्यंत पिकते आणि बोट कापायची पाळी येते, त्यातल्या कितीतरी जखमा कुष्ठरोग कर्मचाऱ्याच्या त्या जुन्या सवयींनी टळल्या असत्या.

२००५ नंतर

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि हजार वस्तीमागे एक आशा आली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कोल्हापूरनं मोठा पूर पाहिला. आशाचं सुरुवातीचं कामही माता आणि बालकाचंच होतं आणि मोबदला कामागणिक. प्रसूतीला दवाखान्यात नेलं तर पैसे, लसीकरण पूर्ण केलं तर पैसे. शेजारच्या घरातल्या लकवा झालेल्या काकांची चौकशी करायला ती जायची, पण ते माणुसकी म्हणून. २०१० मध्ये मधुमेह, रक्तदाब, कर्करोगासारख्या आजारांसाठी आणि वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आले. अंथरुणावरच्या वृद्धाला घरी जाऊन बघायचं आणि त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला शिकवायचं, हे वृद्धांच्या कार्यक्रमात लिहिलेलं आहे. केरळनं दुखणाईताची घरी जाऊन शुश्रूषा करण्याचं धोरण २००८ मध्येच आणलं होतं.

खरा बदल २०१८ पासून, आरोग्यवर्धिनी केंद्रांबरोबर आला. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसू लागला. महाराष्ट्रात या जागांवर बीएएमएस झालेलेही बरेच आहेत. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरू लागल्या: वय, कमरेचा घेर, तंबाखू, दारू, घरात कोणाला शुगर-बीपी. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या तोंडात बघायचं राहून जात होतं, तेही या निमित्तानं सुरू झालं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तर राज्यभर घरटी माणूसन् माणूस विचारला गेला. कोविडच्या भीतीपोटी का होईना, ओसरीवरच्या सासऱ्याला पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याबद्दल विचारलं.

अशा घरभेटीत काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. नर्सबाई आधी बीपी मोजत नाहीत, गोळ्या मागतात. “आज्जी, गोळ्या कुठं ठेवल्यासा?” प्लॅस्टिकच्या पिशवीतून स्ट्रिपा बाहेर येतात. एक सरकारी दवाखान्याची, एक तालुक्याच्या डॉक्टरांची. नावं वेगळी, रंग वेगळे, पण मागची बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींत रक्तदाबाचं एकच औषध, अ‍ॅमलोडिपिन. आज्जी दोन्ही घेत असतात आणि सकाळी उठताना तोल जातो म्हणून पायाला तेल लावत असतात. मग दुसरा प्रश्न: “एकादशीला शुगरची गोळी घेतासा काय?” घेतात. पोटात दुपारपर्यंत चहाशिवाय काही नाही आणि वरून साखर उतरवणारी गोळी. घाम, थरथर, अंधारी, आणि घरच्यांना वाटतं उपास बाधला. शेवटी पाय. बोटांच्या बेचक्या बघायच्या, डोळे मिटायला सांगून कापसाची वात तळव्याला लावायची आणि कुठं लागलं ते विचारायचं. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. दवाखान्याच्या रांगेत यातलं काहीच दिसत नाही, कारण रांगेत आज्जी पिशवी घेऊन येत नाहीत.

पुरात हीच माहिती जीव वाचवते. पाणी उतरल्यावर पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर आणि मेडिक्लोर, लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, हे सगळं यंत्रणेला आता सवयीनं जमतं. निवारा केंद्रात चार दिवस बीपीची गोळी चुकलेला माणूस मात्र यादीत नाव असलं तरच सापडतो.

इचलकरंजीचं दुखणं आणखी वेगळं. मागाच्या खात्यात रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या छातीत कापसाची धूळ, कानात मागाचा आवाज, आणि घरभेटीच्या वेळी तो झोपलेला किंवा कामावर. २०१२ मध्ये तिथं पाण्यावाटे काविळीची साथ आली. हिपॅटायटिस ई हा विषाणू तरण्याताठ्या माणसांना गाठतो आणि गरोदर बाईच्या जिवावर उठतो. शहरी वस्तीत परिचारिकेची घरभेट गावापेक्षा विरळ असते, हे तेव्हाही जाणवलं आणि आजही तितकंच खरं आहे.

अजूनही पान नसलेले लोक आहेत ते ऊसतोड मजूर. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि मराठवाड्यातून टोळ्या येतात, नवराबायकोचा मिळून एक कोयता, आणि हंगाम संपेपर्यंत फडाजवळच्या खोपटात मुक्काम. गावाकडच्या रजिस्टरमध्ये ते स्थलांतरित, इथल्या रजिस्टरमध्ये ते बाहेरचे. पहाटे फडात जाणारी बाई उपकेंद्राच्या वेळेत कधीच मोकळी नसते. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला, समिती नेमली गेली. त्याच बायका वर्षातले पाच-सहा महिने आपल्या जिल्ह्यासारख्या ऊसपट्ट्यात असतात. क्षयरुग्ण असेल तर निक्षय या क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवरून त्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात वळवता येते. बीपी, शुगर, अंगावरून जाणं, कंबरदुखी यांची विचारपूस फडापर्यंत पोचायची वाट अजून नीट मळलेली नाही. कोणत्या मुकादमाच्या किती कोयत्यांची टोळी कुठल्या गटात उतरली आहे, हा हिशेब साखर कारखान्याच्या शेती विभागाकडे हंगामाच्या पहिल्या आठवड्यापासून असतो, कारण तोड आणि वाहतुकीची देणी त्यावरच निघतात. त्याची एक प्रत त्या गटातल्या उपकेंद्राला गेली, आणि संध्याकाळी खोपटावर जाणाऱ्या आशाताईला त्या फेरीचा वेगळा मोबदला मिळाला, तर यंदाच्याच हंगामात हे काम सुरू होऊ शकतं.