ऑक्सिमीटरवरचा खालचा आकडा

मिरजेत माझ्या ओळखीच्या एक स्टाफ नर्स आहेत. सप्टेंबर 2020 मध्ये त्यांना कोविड झाला, तोही साधा. चार दिवस ताप, ऑक्सिजन एकदाही 96 च्या खाली नाही. सुट्टी संपल्या संपल्या ड्यूटीवर हजर. पण नंतर केस विंचरायला हात वर धरले की छाती धडधडायची. एक नाईट केली की दोन दिवस अंथरुणात. रोज हाताळलेल्या इंजेक्शनचं नाव ऐन वेळी आठवायचं नाही. रक्त, एक्स-रे, ईसीजी, इको सगळं झालं. "रिपोर्ट नॉर्मल आहेत सिस्टर, टेन्शन घेऊ नका," असं सांगणारे डॉक्टरही ओळखीचेच.

सतारी आणि दवाखाने यांच्यावर जगणारं हे गाव. 1894 पासून इथे मिशनचं हॉस्पिटल आहे. अशा गावात दवाखान्यातल्याच माणसाला आपलं दुखणं पटवून देता येऊ नये, याचं मला आधी नवल वाटलं. पण इतिहास पाहिला तर यात नवल काही नाही.

1955 च्या जुलैत लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक विचित्र साथ आली. कर्मचारी आजारी पडले 292, आणि आधीपासून दाखल असलेले रुग्ण फक्त 12. हॉस्पिटल ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. कित्येकांचा थकवा आणि अंगदुखी पुढे सरलीच नाही. नेमका जंतू कधी सापडला नाही. 1970 मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून, एकाही रुग्णाला न तपासता, हा सामूहिक हिस्टेरिया असल्याचं लिहिलं. आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या, हा त्यांचा एक पुरावा! मग 2003 ची सार्स, कोविडच्याच जातकुळीतल्या विषाणूची साथ. जगभरातल्या 8,096 रुग्णांपैकी 1,706 आरोग्य कर्मचारी होते. टोरांटोतल्या डॉक्टरांनी 2011 मध्ये सार्सनंतर कामावर परतू न शकलेल्या 22 जणांचा अभ्यास छापला, त्यातले 21 दवाखान्यात काम करणारे होते. थकवा, अंगदुखी, उडालेली झोप. तक्रारी जवळजवळ त्याच.

विषाणू गेल्यावरही दुखणं राहतं, हे आपल्याकडे तरी कुणाला शिकवायला नको. चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने कठडा धरून जिना उतरणारं माणूस प्रत्येक गल्लीत आहे. पण तिथे सांधा सुजलेला दिसतो. कोविडनंतरचं दुखणं, म्हणजे 'लाँग कोविड', दिसत नाही, तिथेच सगळी अडचण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021 मध्ये त्याची व्याख्या केली: संसर्गानंतर साधारण 3 महिन्यांनीही असलेली, किमान 2 महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं. कारणांबाबत संशयित बरेच आहेत. शरीरात दडून राहिलेले विषाणूचे अंश, शांत न झालेली प्रतिकारशक्ती, रक्तातल्या बारीक गुठळ्या. काहींच्या बाबतीत बिघाड स्वायत्त मज्जासंस्थेत, म्हणजे ठोके आणि रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेत, सापडतो, आणि तो मला सगळ्यात समजण्याजोगा वाटतो.

आपण उठून उभे राहिलो की अर्धा लिटरहून जास्त रक्त पोटात आणि पायांकडे उतरतं. मज्जातंतू लगेच रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून मेंदूला पुरवठा कमी पडत नाही. हे आवळणं नीट झालं नाही, तर कसर भरून काढायला हृदय पळत सुटतं. उभं राहिल्यावर 10 मिनिटांच्या आत ठोके मिनिटाला 30 किंवा त्याहून जास्तने वाढले, तसेच टिकले, रक्तदाब मात्र पडला नाही आणि हे महिनोन्‌महिने चाललं, तर त्या अवस्थेला 'पॉट्स' म्हणतात. अर्थात आधी रक्तक्षय आणि थायरॉईड तपासायला हवं. आपल्याकडच्या बायकांत तर नक्कीच.

आता सिस्टरांच्या तपासण्या आठवा. ईसीजी झोपवून, इको झोपवून. तपासणी सगळी आडव्या माणसाची, आजार उभ्या माणसाचा. आणि नर्सचं काम तर आठ तास उभ्यानेच!

रोज थोडं चाला, अंगात ताकद येईल, हा सल्लाही इथे उलटू शकतो. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी ज्यांची तब्येत कोसळते, त्यांनी दम लागायच्या आत थांबायचं असतं. पॉट्स असेल तर जास्तीचं पाणी-मीठ, दाब देणारे पायमोजे, ठोके आवरणारी औषधं यांचा उपयोग होतो. पण मीठ वाढवायचं ते डॉक्टरांना विचारून, कारण रक्तदाबवाल्यांना ते चालणार नाही. मुळावरचं औषध अजून नाही. लशीने हा त्रास होण्याची शक्यता कमी होते, पण 2020 मध्ये वॉर्डात उभ्या असलेल्यांना लस कुठे होती?

सरकारने तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचा विमा काढला होता. तो मृत्यूसाठी होता. जगून आजारी राहिलेल्यांसाठी त्यात रकाना नव्हता. मानधनावरच्या आशाताईंना तर पगारी रजाही नाही.

त्याच आशाताई 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या. त्यावर दोन आकडे दिसतात. वरचा ऑक्सिजनचा, खालचा नाडीचा. खालच्याकडे तेव्हा कुणी फारसं पाहिलं नाही. मागच्या महिन्यात सिस्टरांनी तोच जुना ऑक्सिमीटर कपाटातून काढला. आधी दहा मिनिटं पडून राहिल्या, मग भिंतीला टेकून उभ्या. मुलगी वहीत आकडे लिहीत होती. पडल्यापडल्या 76. उभं राहून दहाव्या मिनिटाला 114. वरचा आकडा सगळा वेळ 98.