आच्छादन पीक

दोन मुख्य पिकांमधल्या रिकाम्या काळात किंवा फळबागेच्या ओळींमधल्या पट्ट्यात जमीन उघडी पडू नये म्हणून घेतलेले पीक. विक्री हा त्याचा हेतू नसतो. चारा किंवा शेंगा मिळाल्याच तर तो वरकड लाभ. ताग, धैंचा, चवळी, बरसीम ही द्विदल पिके, राय (गव्हासारखे एक धान्य; राई म्हणजे मोहरी नव्हे), ओट, ज्वारी ही तृणवर्गीय पिके, शिवाय मोहरी आणि मुळाही यासाठी पेरतात. 'हिरवळीचे खत' हा शब्द याच अर्थाने सर्रास वापरला जातो, पण त्यात पीक गाडणे गृहीत असते. आच्छादन पीक गाडलेच पाहिजे असे नाही. कापून जागेवरच पसरून ठेवता येते, आणि तणांच्या दृष्टीने तेच बरे.

उघड्या मातीवर पावसाचा थेंब आदळला की ढेकळे विरतात, बारीक कण छिद्रांत बसतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचे ते वाहून जाते. पानांची छत्री हा मार झेलते. खाली मुळे माती बांधून ठेवतात. ती कुजली की त्यांच्या वाटेने पाणी आणि हवा खोल जाते. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात. गाठ नखाने फोडून पाहावी : आत गुलाबी किंवा लालसर दिसली तर काम चालू आहे, हिरवट दिसली तर संपले आहे.

तणांचा बंदोबस्त आधी सावलीने होतो. अनेक तणांच्या बारीक बियांना उगवायला उजेड लागतो. दाट पानांतून गाळून आलेल्या उजेडात त्या निजूनच राहतात. कापणीनंतर अवशेषांचा थर तेच काम पुढे चालवतो. राय आणि ज्वारीतून उगवण रोखणारी द्रव्येही पाझरतात, मात्र त्यांचा फटका गाजर किंवा कांद्यासारख्या बारीक बियांच्या पिकालाही बसू शकतो. लव्हाळा आणि हरळी जमिनीखालच्या गाठी-खोडांतून फुटतात, त्यामुळे त्यांना आच्छादनाचा फारसा धाक नाही.

खरी मेख कुजण्यात आहे. कोवळ्या द्विदल पिकात कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या एका भागामागे कर्बाचे किती भाग, २०:१ च्या आत असते. ते झटपट कुजते, नत्र लवकर सुटतो, पण आच्छादनही विरते. पिकलेल्या रायचा पेंढा ४०:१ च्या पुढे जातो. तो तणांवर बराच काळ ठाण मांडतो, पण कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नत्र ओढून घेतात आणि पुढचे पीक पिवळे पडते. दोन्ही कामे एकाच पिकाकडून करून घेण्याचा हट्ट धरण्यापेक्षा द्विदल आणि तृणवर्गीय यांची मिश्र पेरणी शहाणपणाची.

वेळही सांभाळावी लागते. ताग फुलोऱ्याच्या सुरुवातीला, साधारण ४५ ते ५० दिवसांनी गाडतात. उशीर झाला की खोड काष्ठमय होते. राय रुळाने चेचून आडवी करायची तर फुलोरा येऊ द्यावा लागतो, नाहीतर ती पुन्हा उभी राहते. बी पडू दिले तर आच्छादन पीकच पुढच्या हंगामाचे तण होते. कोरडवाहू जमिनीत ते ओलही पिते, म्हणून तिथे ते लवकर मोडतात.