पोढीत पडलेला पाऊस

कल्याणहून माळशेजकडे निघालेली एसटी वैशाखऱ्याच्या थोडं पुढे थांबते. पाठीवर सॅक, अंगावर पोंचो आणि समोर ढगात बुडालेला नानाचा अंगठा हा कडा. इथून नाणेघाटाची वाट चढते. लोक सहसा हिवाळ्यात येतात, तेव्हा आभाळ स्वच्छ असतं, फोटो चांगले येतात. पण हा घाट आणि पलीकडची जुन्नरची लेणी खरी कळतात ती पावसातच, असं माझं ठाम मत आहे. कोरडं लेणं म्हणजे बंद पडलेलं घड्याळ. त्याचे काटे दिसतात, ते चालतं कसं हे दिसत नाही.

वाटेवरच्या दगडापासूनच सुरुवात करू. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला आणि त्याचा बेसॉल्ट हा काळा दगड झाला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात ते या थरांमुळे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, एकसंध असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. काही ठिकाणी दोन थरांमध्ये लालसर मातीचा पट्टा सापडतो. भर पावसात कड्याकडे नीट पाहिलं, तर पाणी सगळीकडून सारखं झिरपत नसतं. सच्छिद्र थरातून आणि भेगांतून ते खाली उतरतं, घट्ट दगड किंवा लाल माती लागली की अडतं आणि आडवं सरकत कड्याबाहेर येतं. कड्यावर ओल्या रेघा एका पातळीत दिसतात त्या यामुळे. लेणं कोरणाऱ्याला ही रेघ ओळखता येणं भाग होतं. छत चुकीच्या थरात आलं, तर आतला माणूस चार महिने भिजणार.

घाटमाथ्यावर पोचलं की पावसाळ्यात वाऱ्याचा दणका बसतो. इथला उलटा धबधबा सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी खरंच वर जातं, यात चमत्कार काही नाही. कड्यावरून पडणारी धार थोड्या अंतरातच फुटून तिचे थेंब होतात. 1 मिलिमीटर व्यासाचा थेंब हवेतून फार तर सेकंदाला 4 मीटर, म्हणजे ताशी साधारण 14 किलोमीटर वेगाने पडतो. हवेचा अडथळा त्याला त्याहून वेग घेऊ देत नाही. कोकणातून आलेला वारा कड्याला आपटून वर वळतो, खिंडीत कोंडून आणखी जोर धरतो. त्याचा वर जाण्याचा वेग थेंबाच्या पडण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की थेंब वर उडतो. वारा पडला की तीच धार मुकाट्याने खाली येते. कडा शेवाळलेला आणि निसरडा असतो, म्हणून हे मागे उभं राहूनच बघावं.

खिंडीच्या तोंडाशी सातवाहनांचं लेणं आहे. भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नावाची नाणी यांची मोजदाद आहे. त्यातले आकडे भारतातल्या अंकलेखनाच्या जुन्या पुराव्यांत मोडतात. त्या पद्धतीत शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी. ढगाळ उजेडात अक्षरं सपाट दिसतात, वाचता येत नाहीत. टॉर्च समोरून मारण्याऐवजी भिंतीच्या कडेने, अगदी तिरपा धरला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि ओळ उमटून येते. भिंतीला मात्र बोट लावायचं नाही.

घाटघरहून जुन्नरकडे निघालं की तीसेक किलोमीटरांत पाऊस विरळ होत जातो. चढताना हवा थंड झाली, तिने आपलं पाणी घाटमाथ्यावर टाकलं. आता ती खाली उतरते, तापते, ढग विरतात. भाताची खाचरं मागे पडतात, बाजरी आणि सोयाबीन दिसू लागतं. पावसाची सावली म्हणजे काय, हे शाळेतल्या आकृतीपेक्षा या रस्त्यावर चांगलं समजतं, कारण पोंचो काढावा लागतो.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. शहराच्या पश्चिमेला तुळजा लेणी आहेत. तिथलं गोल चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, स्तूपाभोवतीचे 12 साधे खांब आणि वरचं घुमटाकार छत अवश्य बघावं. त्याचं दर्शनी अंग कोसळून गेलंय. लेण्याद्रीला बहुतेक लोक गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातात आणि शेजारच्या चैत्यगृहावरून तसेच पुढे निघतात. तिथे घटकाभर थांबा. ते चैत्यगृह दान देणाऱ्याचं नाव लेखात आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत. सकाळी आपण एसटीत बसलो तेच कल्याण.

पावसाचा जोर असेल तेव्हा कुठल्याही लेण्याच्या ओसरीत उभं राहून वर बघा. दगडाच्या पुढे आलेल्या कडेवरून पागोळ्या पडत असतात. पाणी दगडाला चिकटतं, त्यामुळे गुळगुळीत कडेवरून ते खाली न पडता छताच्या पोटाशी वळून आत सरकू बघतं. कड धारदार असली किंवा तिच्या पोटाला खाच असली की पाण्याची पकड तिथे सुटते आणि थेंब बाहेर पडतो. आजचे गवंडीही खिडकीवरच्या छज्जाच्या खालच्या अंगाला अशी बारीक खाच ठेवतात. कडेचा टवका उडाला असेल तिथे भिंतीवर हिरवट-काळा ओघळ उतरलेला दिसतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं काम कुठे टिकलं आणि कुठे हरलं, याचा नकाशाच पाऊस काढून देतो.

आणि मग टाकी. लेण्यांतल्या लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. जुन्नरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने ‘बे पोढियो’, म्हणजे दोन टाकी दिल्याची नोंद आहे. परदेशी वंशाचा माणूस दानात सोनं नाही, पाणी साठवायची जागा देतो, आणि तेच इथल्या लोकांना सर्वांत उपयोगाचं होतं. बेसॉल्टच्या डोंगरात चार महिने धो धो पाणी असतं, चैत्र-वैशाखात ठणठणाट. दगडातल्या भेगांत मावतं तेवढंच मुरतं, बाकीचं वाहून जातं. म्हणून पाणी पडतं तिथेच अडवायचं. पुष्कळ टाकी तोंडाशी अरुंद आणि आत कड्याखाली खोल कोरलेली असतात, काहींना आधाराला खांब सोडलेले असतात. आत ऊन पोचत नाही, त्यामुळे पाण्याची वाफ कमी होते. उजेड नसल्याने शेवाळ वाढत नाही. पाणी स्थिर राहिल्याने गाळ तळाशी बसतो. पाणी नितळ दिसतं ते यामुळे. नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे, उकळल्याशिवाय पिऊ नये. एका टाक्यात मला चिप्सची पाकिटं आणि रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या, तेव्हा जीव तुटला. जे पाणी राखण्यासाठी कुणी तरी छिन्नीने महिनोन्‌महिने दगड फोडला, त्यात आपण दोन मिनिटांत कचरा टाकतो.

बौद्ध भिक्खू एरवी फिरत आणि आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी राहत. हा वर्षावास. म्हणजे या लेण्यांत खरी वस्ती असायची ती नेमकी पावसाळ्यात, ओसरीतून पागोळ्या बघत.

पाऊस उघडला तरी लेण्याशेजारच्या टाक्यात टप टप चालूच असते. वरच्या थरात मुरलेलं पाणी भेगा शोधत हळूहळू खाली येत असतं, आणि ती ठिबक पाऊस सरल्यावरही बरेच दिवस थांबत नाही. आश्विनी पौर्णिमेला वर्षावास संपे, भिक्खू पात्र उचलून पुन्हा वाटेला लागत. मागे टाक्यात दगडातून थेंब पडतच असायचे.