रूबी : संगणकीय भाषेची घडण आणि गतिवृद्धी

रूबी : जपानी आज्ञावलीकार युकिहिरो मात्सुमोतो (जन्म 1965) यांनी रचलेली, सर्वसाधारण वापराची ऑब्जेक्टकेंद्री संगणकीय भाषा. वेबसाइटांच्या सर्व्हरवरील कामासाठी तिचा सर्वाधिक प्रसार झाला. तीत संख्या, अक्षरमाला, इतकेच काय ‘निल’ हे रिक्त मूल्यही ऑब्जेक्टच (माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकत्र बांधणारा घटक) असते. अधिक-वजासारख्या साध्या क्रियाही मेथडच (ऑब्जेक्टशी जोडलेल्या क्रिया) असून आज्ञावली चालू असताना त्या कोणालाही बदलता येतात. भाषेचा लवचीकपणा आणि तिच्या संथपणाची जुनी तक्रार, या दोहोंचे मूळ याच एका गुणात आहे. भाषेचे व्याकरण इतरत्र विपुल उपलब्ध असल्याने येथे मुख्यतः तिचा वेग वाढवण्याच्या कामाचा विचार केला आहे.

उगम : भाषेच्या जन्मवर्षाविषयी दोन पद्धती रूढ आहेत. 24 फेब्रुवारी 1993 रोजी मात्सुमोतो आणि त्यांचे सहकारी केइजू इशित्सुका यांच्यात ऑनलाइन गप्पा चालू असताना भाषेचे नाव ठरले. त्या वेळी चालवून पाहावी अशी एकही ओळ लिहिलेली नव्हती. पहिली सार्वजनिक आवृत्ती (0.95) 21 डिसेंबर 1995 रोजी जपानमधील अंतर्गत न्यूजग्रुपांवर आली, तर 1.0 ही 25 डिसेंबर 1996 रोजी. त्रोटक संदर्भग्रंथ सहसा 1995 हेच वर्ष देतात. 2.0 ही आवृत्ती मात्र मुद्दाम 24 फेब्रुवारी 2013 रोजी, म्हणजे नामकरणाच्या विसाव्या वाढदिवशी, प्रसिद्ध करण्यात आली. आराखड्याचा इतिहास लिहायचा तर 1993 आणि वापराचा लिहायचा तर 1995, असे धरणे सयुक्तिक वाटते. 2.1 पासूनच्या मुख्य आवृत्त्या दरवर्षी नाताळच्या दिवशी येतात.

पूर्वसूरींविषयीही मतभिन्नता आहे. लोकप्रिय लेखनात पर्ल भाषेचे ऋण सर्वांत मोठे मानले जाते. मजकूर हाताळण्याची रीत, रेग्युलर एक्स्प्रेशनला (मजकुरातील आकृतिबंध शोधण्याच्या सूत्राला) भाषेतच मिळालेले स्थान आणि काही चिन्हांकित चलांची नावे यांवरून ते पटतेही. पण गाभा पाहिला तर ऑब्जेक्टांची रचना स्मॉलटॉकची आहे आणि विचारसरणीत लिस्पचा अंश मोठा आहे. ‘ब्लॉक’ (मेथडला सोबत देता येणारा कोडचा तुकडा) या सर्वांत ओळखीच्या वैशिष्ट्यामागे सीएलयू भाषेतील इटरेटरांची (एकेक घटक पुरवणाऱ्या रचनांची) प्रेरणा होती. पर्लचे साम्य वरवरचे आणि स्मॉलटॉकचे मुळातले, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

जपानबाहेर भाषा पोचली ती 2000 मध्ये इंग्रजीतील पहिले पाठ्यपुस्तक निघाल्यावर. डेन्मार्कचे डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी 2004 मध्ये ‘रेल्स’ हा वेब-सांगाडा खुला केल्यावर तिचा खरा प्रसार झाला. भाषेला 2011 मध्ये जपानी औद्योगिक मानक आणि 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ/आयईसी 30170) मिळाले. पण मानकाचा आधार जुन्या आवृत्त्यांचा आहे, आणि व्यवहारात ‘रूबी’ म्हणजे सी भाषेत लिहिलेली मूळ अंमलबजावणी, म्हणजेच सी-रूबी, असेच समजले जाते.

वेगाचा प्रश्न : 1.8 पर्यंतची रूबी मजकूर वाचून त्याचे वाक्यरचना-झाड तयार करी आणि तेच झाड पुनःपुन्हा चढून-उतरून आज्ञा पार पाडी. कोइची सासादा यांनी 2004 च्या सुमारास हाती घेतलेले ‘यार्व’ हे आभासी यंत्र 2006 च्या अखेरीस मुख्य प्रवाहात सामील झाले आणि 1.9 मालिकेतून लोकांसमोर आले. यार्व आधी झाडाचे बाइटकोडमध्ये (आभासी यंत्राच्या सूचनांत) रूपांतर करते आणि मग स्टॅकच्या आधारे ते चालवते. बेरजेसारख्या क्रियांसाठी त्यात खास सूचना आहेत. पूर्णांकाची मूळ बेरीज कोणी बदललेली नाही एवढे तपासले की मेथड शोधण्याचा खटाटोप वाचतो.

1.8 वरून 1.9 वर जाणे मात्र अनेकांना जड गेले. त्याचे कारण वेगाशी संबंधित नव्हते. 1.9 मध्ये प्रत्येक अक्षरमालेला स्वतःची एन्कोडिंग (अक्षरे अंकांत साठवण्याची पद्धत) मिळाली आणि जुन्या आज्ञावल्या त्यावर अडखळल्या. 1.8.7 चा आधार जून 2013 पर्यंत चालू ठेवावा लागला.

गार्बेज कलेक्शन, म्हणजे वापरात नसलेल्या ऑब्जेक्टांनी अडवलेली मेमरी मोकळी करणे, हा या इतिहासातील सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वसामान्य वर्णनांत सर्वांत दुर्लक्षित भाग होय. हे काम करणारा रूबीचा संकलक ‘सावध’ जातीचा आहे. सीमध्ये लिहिलेली एक्स्टेंशने (भाषेला जोडलेल्या पूरक आज्ञावल्या) ऑब्जेक्टांचे पत्ते थेट स्वतःजवळ ठेवतात. त्यामुळे स्टॅकवर पत्त्यासारखे काही दिसले तर तो पत्ताच आहे असे धरून चालावे लागते. 1.9 पर्यंत ‘ऑब्जेक्ट जिवंत आहे’ ही खूण ऑब्जेक्टच्याच शीर्षभागात लिहिली जाई. सर्व्हर एका प्रक्रियेतून फोर्क करून (तिच्या प्रती काढून) अनेक प्रक्रिया काढतात आणि त्यांनी मेमरीची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) वाटून घ्यावीत अशी अपेक्षा असते. पण पहिल्याच संकलनात प्रत्येक पानावर खूण लिहिली जाऊन ऑपरेटिंग सिस्टीमला ती पाने वेगळी करावी लागत. फ्यूजन या डच कंपनीच्या ‘रूबी एंटरप्राइझ एडिशन’ने यावर आधीच तोडगा काढला होता. मूळ भाषेत 2.0 मध्ये नारिहिरो नाकामुरा यांच्या कामातून खुणा वेगळ्या बिटमॅपमध्ये गेल्या.

2.1 मध्ये सासादा यांनी पिढीवार संकलन आणले. बहुतेक ऑब्जेक्ट अल्पायुषी असतात, म्हणून जुने सोडून नवेच वारंवार तपासावेत हे तत्त्व इतर भाषांत फार जुने. रूबीतील अडचण अशी की जुन्या ऑब्जेक्टमधून नव्याकडे दुवा जोडला गेला तर त्याची वर्दी देणारा ‘राइट बॅरियर’ हजारो जुन्या एक्स्टेंशनांत नव्हता, आणि ती सगळी मोडणे परवडणारे नव्हते. म्हणून ऑब्जेक्टांचे दोन वर्ग केले गेले : बॅरियरने राखलेले आणि न राखलेले. न राखलेल्यांना कधीच ‘जुने’ मानायचे नाही, एवढ्या एका नियमावर सगळी जुनी एक्स्टेंशने चालू राहिली. तडजोड म्हणून ही रचना विलक्षण आहे, आणि पुढच्या जिट-प्रयत्नांइतकी (जिट : आज्ञावली चालू असतानाच तिचे यंत्रकोड बनवणारे तंत्र) तिची चर्चा झाली नाही हे आश्चर्यच. 2.2 मध्ये संकलन टप्प्याटप्प्याने होऊ लागल्याने मोठे थांबे कमी झाले. 2.7 मध्ये ॲरन पॅटरसन यांनी मेमरी दाटीने रचण्याची सोय आणली, तर 3.2 पर्यंत वेगवेगळ्या आकारांच्या खणांत ऑब्जेक्ट ठेवण्याची पद्धत स्थिरावली.

तिप्पट वेगाचा संकल्प : मात्सुमोतो यांनी 2015 मध्ये ‘रूबी 3 ही रूबी 2.0 च्या तिप्पट वेगवान असेल’ असे उद्दिष्ट जाहीर केले. ते ‘थ्री बाय थ्री’ या नावाने ओळखले जाते. ते साध्य झाले का, याचे उत्तर मापपट्टीवर अवलंबून आहे. युसुके एंदो यांनी ‘ऑप्टकॅरट’ नावाचा, निन्टेन्डोच्या जुन्या खेळयंत्राची नक्कल करणारा कार्यक्रम रूबीत लिहिला. खऱ्या यंत्रावर सेकंदाला 60 चित्रे उमटतात आणि 2.0 वर हा कार्यक्रम सुमारे 20 पर्यंतच पोचे. त्यामुळे तिप्पट हा आकडा डोळ्यांना दिसेल असा झाला. डिसेंबर 2020 मध्ये 3.0 आली तेव्हा या कसोटीवर संकल्प पुरा झाला असे म्हणता आले. परंतु थोड्या मेथड असंख्य वेळा चालवणारा हा कार्यक्रम नेहमीच्या कामाचा प्रतिनिधी नाही. रेल्सवरचे संकेतस्थळ एका विनंतीमागे हजारो निरनिराळ्या मेथडमधून फिरते. तेथे 3.0 मधील जिट लाभदायक नाही, असे प्रकाशनाच्या निवेदनातच स्पष्ट म्हटले होते.

त्या जिटचे नाव एम-जिट. व्लादिमीर माकारोव यांच्या कल्पनेवर आधारलेले आणि ताकाशी कोकुबुन यांनी मुख्य प्रवाहात आणलेले हे तंत्र 2.6 मध्ये (2018) दाखल झाले. ते वारंवार लागणाऱ्या मेथडचे सी भाषेत रूपांतर करी, ती फाइल डिस्कवर लिहून जीसीसी किंवा क्लँग या सी कंपायलरांकडे देई आणि तयार झालेले यंत्रकोड परत उचलून घेई. कंपायलर आयता मिळाला, पण कंपाइल करण्यास वेळ लागे आणि विखुरलेल्या कोडमुळे प्रोसेसरची सूचना-कॅश अपुरी पडे.

वाय-जिटचा मार्ग वेगळा होता. शॉपिफाय कंपनीत मॅक्सिम शेव्हालिए-ब्वाव्हेर यांच्या पुढाकाराने तो बांधला गेला. त्यांचे डॉक्टरेटचे संशोधन माँट्रियल विद्यापीठात जावास्क्रिप्टच्या संदर्भात झाले होते. संपूर्ण मेथड एकदम न घेता तिचे मूलभूत तुकडे, अंमलबजावणी त्या तुकड्यापाशी पोचेल तेव्हाच, त्या क्षणी दिसलेल्या प्रकारांनुसार कंपाइल करायचे, हे त्याचे सूत्र. जो भाग कधी चालतच नाही त्याचे कोड तयारच होत नाही. 3.1 मध्ये (2021) तो सी भाषेत आला, 3.2 मध्ये रस्ट या भाषेत नव्याने लिहिला गेला आणि प्रत्यक्ष वापरास योग्य ठरवला गेला. रेल्स 7.2 पासून रूबी 3.3 व पुढील आवृत्त्यांवर तो आपोआप सुरू होतो. रेल्सच्या वापरकर्त्याला जिटचा लाभ खऱ्या अर्थाने मिळू लागला तो येथून. म्हणून संकल्पाची पूर्तता 2020 ऐवजी 2022 नंतर मानणारे मत अधिक पटण्याजोगे आहे. 3.2 मधील ‘ऑब्जेक्ट शेप’ या बदलाचाही त्यात वाटा आहे : ऑब्जेक्टमधील चल कोणत्या क्रमाने आले यावरून त्याला एक आकार-क्रमांक मिळतो आणि चलाची जागा एका तुलनेत सापडते.

3.3 मध्ये एम-जिटची जागा रूबीतच लिहिलेल्या, प्रयोगापुरत्या आर-जिटने घेतली. डिसेंबर 2025 मधील 4.0 आवृत्तीत झेड-जिट हा संपूर्ण मेथडचा विचार करणारा, पाठ्यपुस्तकी घडणीचा कंपायलर आला. तो इंटरप्रिटरपेक्षा वेगवान असला तरी प्रकाशनसमयी वाय-जिटच्या मागेच होता.

समांतरता : सी-रूबीत एका वेळी एकच थ्रेड (प्रक्रियेतील कामाचा एक धागा) रूबी कोड चालवू शकतो, बाकीचे एका सामाईक कुलपासाठी थांबतात. डेटाबेस वा नेटवर्कची वाट पाहताना कुलूप सुटते, म्हणून थ्रेड अगदीच निरुपयोगी नाहीत. पण थ्रेड वाढवले की प्रत्येक विनंतीला लागणारा वेळही वाढतो. याच कारणाने रेल्स 7.2 मध्ये प्यूमा सर्व्हरच्या थ्रेडांची पूर्वनिर्धारित संख्या 5 वरून 3 केली गेली. 3.0 मधील ‘रॅक्टर’ स्वतंत्र कुलूप घेऊन खरी समांतरता देतात. त्यांच्यात बदलते ऑब्जेक्ट वाटून घेता येत नाहीत आणि बहुतेक जेम (रूबीचे तयार कोड-संच) ही अट पाळून लिहिलेली नाहीत. वापर त्यामुळे मर्यादित राहिला.

साधने : जेमांची वाटणी रूबीजेम्स आणि बंडलर यांच्यामार्फत होते, ते येथे गृहीत धरले आहे. वेगमापनासाठी पूर्वी रूबी-प्रॉफ वापरले जाई. ते प्रत्येक मेथडची नोंद घेत असल्याने मोजायची गोष्टच संथ होते. अमन गुप्ता यांचे स्टॅकप्रॉफ ठरावीक अंतराने नमुने घेते. ज्यूलिया एव्हान्स यांचे आरबीस्पाय बाहेरून चालू प्रक्रियेची मेमरी वाचते. कोडला हात लावावा लागत नसल्याने चालू सर्व्हरवरही ते सोयीचे. जॉन हॉथॉर्न यांच्या व्हर्नियरमध्ये कुलपासाठी थांबलेला वेळ आणि गार्बेज कलेक्शनचे थांबे वेगळे दिसतात. पूर्वी हा वेळ मेथडच्याच नावावर खर्ची पडे. मेमरी फुगण्याच्या तक्रारींत दोष अनेकदा रूबीचा नसून अनेक थ्रेड असताना ग्लिबसी या लिनक्सवरील मूलभूत सी लायब्ररीच्या मेमरी-वाटपात पडणाऱ्या तुकड्यांचा असतो. जेमॅलॉक हे पर्यायी मेमरी-वाटपाचे साधन वापरणे हा त्यावरील रूढ उपाय आहे.

वाक्यरचना वाचणारा भाग दीर्घकाळ ‘पार्स-वाय’ या एकाच अवाढव्य फाइलीत होता आणि त्याला हात लावायला जाणकारही कचरत. 3.4 पासून केव्हिन न्यूटन यांचा हाताने लिहिलेला प्रिझम हा पार्सर पूर्वनिर्धारित झाला. संपादकांची साधने, तपासनीस आणि इतर अंमलबजावण्यांनाही तो वापरता येतो.

इतर अंमलबजावण्या : जावाच्या आभासी यंत्रावरील जेरूबीत सामाईक कुलूप नाही. क्रिस सीटन यांनी ओरॅकलच्या प्रयोगशाळेत सुरू केलेली ट्रफलरूबी ग्राल कंपायलरवर उभी असून दीर्घकाळ चालणाऱ्या गणनांत ती पुष्कळ पुढे आहे. सुरुवातीचा गरम होण्याचा काळ आणि मेमरी ही तिची किंमत. छोट्या उपकरणांसाठीची एमरूबी स्वतः मात्सुमोतो यांनी 2012 मध्ये आणली. रुबिनियस, आयर्नरूबी व मॅकरूबी आता मागे पडल्या.

भारतात : भारतीय रूबी परिषद 2012 व 2013 मध्ये पुण्यात आणि 2014 मध्ये गोव्यात भरली. पुण्यात रेल्सवर काम करणाऱ्या कंपन्यांची परंपरा त्याआधीपासूनची आहे.