चोर्ला घाट (भूरचना)

गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सत्तरी तालुक्याच्या माथ्यावर असलेल्या चोर्ला-सुर्ल परिसरातील डोंगररांगेचा वरचा भाग दख्खनच्या असिताश्माचा (बेसाल्टचा) आहे. खडक ज्वालामुखीजन्य असल्यामुळे पूर्वी येथे शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी असावा, असा समज होतो. तो खरा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून पातळ लाव्हा वाहत आला आणि त्याचे थर एकावर एक साचत गेले. महाबळेश्वराकडे या थरांची एकूण जाडी एक किलोमीटरहून अधिक आहे. गोवा मात्र या लाव्हाक्षेत्राच्या दक्षिण कडेवर असल्याने येथे ती बरीच कमी भरते. आज डोंगर म्हणून दिसतो तो कापला गेलेल्या पठाराचा काठ होय.

प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि उभ्या भेगांचा असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहतो. सच्छिद्र भाग लवकर कुजून तेथे झाडीची पायरी तयार होते आणि घट्ट भागाचे खडक भेगांवरून सुटून कोसळल्याने कडा उभाच राहतो. पावसाळी ओहोळ आपल्या उगमाकडे दरी कोरत नेतात, त्यामुळे कड्याची रेषा हळूहळू पूर्वेकडे सरकते. सत्तरीत ज्यांना वझर म्हणतात, ते धबधबे अशाच कड्यांवरून कोसळतात. खाली उतरलेले पाणी म्हादई नदीला मिळते.

असिताश्माखालचे खडक कितीतरी जुने, कॅम्ब्रियनपूर्व (सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या आधीच्या) काळातील, उष्णता व दाबाने बदललेले म्हणजे रूपांतरित खडक आहेत. लाव्हा येण्यापूर्वी त्यांची प्रदीर्घ झीज झालेली होती, म्हणून दोहोंच्या मध्ये कोट्यवधी वर्षांची नोंदच गायब आहे. गोव्यातील लोहखनिज याच जुन्या खडकांतले आहे, असिताश्मातले नव्हे; दूधसागरही ग्रॅनाइटी खडकांवरून कोसळतो, त्यामुळे सह्याद्री म्हणजे सर्वत्र काळा पाषाण, ही महाराष्ट्रातली समजूत गोव्यात चालत नाही. किनारपट्टीवर जुन्या खडकांना छेदून गेलेल्या काळ्या डोलेराइटच्या (भेगांत शिरून गोठलेल्या लाव्हारसाच्या खडकाच्या) भिंती मात्र दख्खनच्या लाव्हाशी निगडित असून त्यांपैकी काहींचे वय सुमारे ६.३ कोटी वर्षे येते.

उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांमुळे असिताश्मातील सिलिका व चुना विरघळून जातो आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. त्यांपासून सड्यांवरील (सपाट खडकाळ माथ्यांवरील) जांभा बनतो. जांभा जुन्या खडकांवरही तयार होत असल्याने निव्वळ लाल चिरा पाहून त्याचा मूळ खडक ओळखता येत नाही.