सापाची भीती कुणाकडून येते?

पावसाळा लागला की नागपूरच्या बेसा-हुडकेश्वरकडच्या वस्त्यांत सर्पमित्रांना बोलावणी सुरू होतात. बिळांत पाणी शिरलेले असते, रिकाम्या भूखंडांवर गवत माजलेले असते आणि एखादी बिनविषारी धामण कुणाच्या तरी अंगणात येऊन गावभर कल्लोळ माजवते. अशा वेळी जमलेल्या गर्दीत मोठी माणसे सापाकडे पाहत असतात आणि लहान मुले मोठ्यांच्या चेहऱ्यांकडे. रांगते मूल तर आईने वेळीच उचलले नाही, तर थेट त्या वळवळणाऱ्या वस्तूकडेच निघेल. तरीही सापाची भीती माणसाला उपजतच असते, असे आपण बिनदिक्कत म्हणून जातो.

या समजुतीची कसोटी लागली ती माकडांवर. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस जातीची, म्हणजे उत्तर भारतातल्या तांबड्या तोंडाच्या माकडांची, दोन गटांत तुलना केली. एका गटातील माकडे जंगलात वाढलेली होती, तर दुसऱ्या गटातील प्रयोगशाळेत जन्मून वाढलेली होती आणि त्यांनी साप कधीच पाहिलेला नव्हता. माकडाला भीती वाटते का, हे विचारता येत नाही. म्हणून साप ठेवलेल्या उघड्या पेटीच्या पलीकडे खाऊ ठेवून, त्यावरून हात नेऊन तो घ्यायला माकड किती वेळ लावते, हे मोजले गेले. जंगलात वाढलेली माकडे अडून बसली. प्रयोगशाळेतल्या बहुतेकांनी सापाची फारशी पर्वा न करता खाऊ उचलला. भीती निव्वळ रक्तातून येत असती, तर हा फरक दिसला नसता.

1984 साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात प्रयोगशाळेत वाढलेल्या सहा तरुण माकडांना, त्यांचे जंगलात वाढलेले आईबाप सापापुढे कसे घाबरतात, हे पाहू दिले गेले. सहांपैकी पाच जणांना तेवढ्यावरच सापाची तीव्र भीती बसली आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हाही ती ओसरलेली नव्हती. स्वतःला दंश झाला नाही, कुणाला झालेला पाहिला नाही. दुसऱ्याची घाबरगुंडी पाहणे पुरेसे ठरले.

इथवरच्या निष्कर्षावरून भीती ही केवळ शिकवण आहे, असे कुणी म्हणेल. परंतु मिनेका आणि मायकेल कुक यांनी नंतर एक नामी युक्ती केली. घाबरलेल्या माकडाच्या चित्रफितीची अशी जोडणी केली, की तेच माकड कधी खेळण्यातल्या सापाला, तर कधी फुलांना घाबरल्यासारखे दिसावे. ती पाहणाऱ्या माकडांना सापाची भीती बसली, फुलांची बसली नाही. शिक्षक तोच, धडा तोच. एक विषय डोक्यात शिरला आणि दुसरा शिरला नाही. उत्क्रांतीने माकडाच्या मेंदूत भीती तयार करून ठेवलेली नाही, तर कशाची भीती चटकन शिकायची याचा कल तेवढा ठेवला आहे, हा या निकालाचा सर्वांत सरळ अर्थ. (उत्क्रांतीच्या नावाखाली आदिमानवाच्या सुरस कथा सांगणाऱ्यांची कमतरता नाही. हा प्रयोग मला त्यांहून मोलाचा वाटतो, कारण माकडे फुलांनाही घाबरली असती, तर ही कल्पना तिथेच कोसळली असती.)

माणसाच्या मुलांतही असाच कल दिसतो. तीन वर्षांची मुले अनेक चित्रांमधून सापाचे चित्र फुलाच्या किंवा बेडकाच्या चित्रापेक्षा लवकर शोधून काढतात, असे व्हेनेसा लोब्यू आणि ज्यूडी डीलोश यांना 2008 मध्ये आढळले. लवकर दिसणे म्हणजे घाबरणे नव्हे. नजर आधी जाते, तिच्यात भीती भरण्याचे काम पुढे घरचे लोक करतात.

ही भीती अनाठायी मुळीच नाही, कारण 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे 58 हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. पण 2022 या एकाच वर्षात देशातील रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली आणि तरीही वर्धा रोडवरून हेल्मेट न घालता सुसाट जाणाऱ्याच्या अंगावर काटा येत नाही. वाहने येऊन जेमतेम सव्वाशे वर्षे झाली. प्राइमेट, म्हणजे माकडे आणि माणूस ज्या कुळातले ते प्राणी, मात्र कोट्यवधी वर्षे सापांच्या शेजारी राहत आले आहेत.

मिनेका आणि कुक यांचा 1986 मधला प्रयोग आमच्या सर्पमित्रांना ठाऊक असायला हवा. त्यात काही माकडांना आधी, सापाजवळ निवांतपणे वावरणारे माकड दाखवले गेले आणि त्यानंतर घाबरणारे. एरवी हमखास बसणारी भीती त्यांतल्या बहुतेकांना बसलीच नाही. आधी पाहिलेला निवांतपणा लसीसारखा कामी आला. धामण पिशवीत घालताना सर्पमित्र शांतपणे तिचे नाव सांगतो, ती उंदीर खाते हे सांगतो, तेव्हा आईच्या कडेवरचे पोर कधी त्याच्या हातांकडे पाहत असते, तर कधी आईच्या तोंडाकडे.