मस्क ऑक्स : फेअरबँक्स येथील ऋतुनिहाय निरीक्षण

मस्क ऑक्स (शास्त्रीय नाव ओव्हिबॉस मॉस्केटस) हा उत्तर ध्रुवीय प्रदेशातील लांब केसांचा, रवंथ करणारा प्राणी होय. नावात बैल असला तरी तो शेळ्या-मेंढ्यांच्या उपकुलातला असून हिमालयातील गोरल हा शेळीसारखा प्राणी त्याच्या नात्यातला आहे. ‘मस्क’ म्हणजे कस्तुरी, पण कस्तुरीची ग्रंथीही त्याला नसते. अलास्कातील मूळ कळप शिकारीमुळे नामशेष झाल्यावर १९३० मध्ये पूर्व ग्रीनलंडहून ३४ जनावरे आणून प्रथम फेअरबँक्स येथेच ठेवण्यात आली व १९३५-३६ मध्ये त्यांची रवानगी अलास्काच्या पश्चिम किनाऱ्याजवळील नुनिवाक बेटावर झाली. याच शहरात अलास्का विद्यापीठाच्या लार्ज ॲनिमल रिसर्च स्टेशनमध्ये आज त्यांचे वर्षभर निरीक्षण चालते. रानातला कळप लांबून मोजता येतो, पण तेच जनावर पुन्हापुन्हा तराजूवर उभे करता येत नाही. येथे ते करता येते आणि या केंद्राचे खरे मोल त्यातच आहे.

हिवाळ्यात येथील पारा उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि डिसेंबरात दिवस जेमतेम चार तासांचा उरतो. त्या काळात ही जनावरे खाणे आणि हालचाल दोन्ही कमी करून तासन् तास बसून राहतात. पाठीवर पडलेले हिम तसेच साचून राहते, कारण अंगातली ऊब लोकरीबाहेर फारशी येतच नाही.

ही आतली लोकर म्हणजे किव्हियट. वसंतात ती आपोआप सुटू लागते आणि राठ केसांतून वर येऊन करड्या-तपकिरी झुबक्यांनी अंगावर लोंबते. तेव्हा जनावराला खोड्यात उभे करून लांब दातांच्या फणीने ती उतरवतात. फणी हळूच वर ओढली की लोकरीचा सलग पापुद्रा निघतो आणि बाहेरचे केस जागच्या जागी राहतात. पश्मिनाही अशाच आतल्या लोकरीपासून होतो, मात्र किव्हियट धुतल्याने आटत नाही.

वासरे एप्रिल-मेमध्ये, म्हणजे हिरवा चारा उगवण्याच्याही आधी जन्मतात, त्यामुळे सुरुवातीचे दूध मादीला अंगच्या साठ्यातूनच द्यावे लागते. उन्हाळ्यातले भरपूर चरणे हा साठा भरून काढण्यासाठीच असते. ऑगस्टपासून नर माजावर येतात आणि दुरून धावत येऊन एकमेकांच्या कपाळावरील शिंगांच्या जाड कवचावर आदळतात. पाहणाऱ्याचे लक्ष या झुंजीकडे जाणे साहजिक असले, तरी संशोधकांच्या दृष्टीने त्या दिवसांतले मादीचे वजन अधिक बोलके असते : माजाच्या वेळी अंगावर पुरेशी चरबी नसलेली मादी त्या वर्षी बहुधा गाभण राहत नाही.